दूरध्वनीपासून निवाऱ्यापर्यंत : स्त्रियांसाठीच्या स्वयंसेवी दूरध्वनी-मदतसेवेचा उदय (सेंट पॉल, १९७२) : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संकटग्रस्त स्त्रियांसाठी दूरध्वनीवरून मदत देणाऱ्या सेवा आज जगातील बहुतेक देशांत शासनाच्या अधिकृत यंत्रणेचा भाग बनल्या आहेत. त्यांचा आरंभ मात्र शासनाने केलेला नाही. काही स्त्रियांनी एकत्र येऊन, एक दूरध्वनी आणि एक नोंदवही एवढ्या साधनांवर हे काम सुरू केले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट पॉल शहरात १९७२ मध्ये ‘विमेन्स ॲडव्होकेट्स’ या गटाने सुरू केलेली दूरध्वनी सेवा हे त्याचे ठळक उदाहरण होय. या सेवेची पार्श्वभूमी, तिची कार्यपद्धती, तिच्यातून घडलेले परिवर्तन आणि दक्षिण कोरिया व महाराष्ट्र येथील समांतर प्रयत्न यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजशब्द : स्त्रीमुक्ती चळवळ, दूरध्वनी-मदतसेवा, स्वयंसेवा, कौटुंबिक हिंसाचार, निवारागृह.

प्रस्तावना

स्त्रीविषयक इतिहासलेखनात परिषदा, मोर्चे, न्यायालयीन खटले आणि कायदे यांना साहजिकच महत्त्वाचे स्थान मिळते. या घटनांची कागदोपत्री नोंद असते, त्यांच्या तारखा निश्चित असतात. परंतु या मोठ्या घटनांच्या मागे दीर्घकाळ चालणारे, फारसे दृष्टीस न पडणारे काम असते. रात्री अपरात्री वाजणारा दूरध्वनी उचलणे, पलीकडचा आवाज ऐकून घेणे, माहिती देणे आणि त्याची नोंद ठेवणे हे अशा कामांपैकी एक. या कामाला इतिहासात स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळाले आहे.

प्रस्तुत लेखात पुढील प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, स्त्रियांसाठी स्वतंत्र दूरध्वनी सेवेची गरज कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली? दुसरा, कायदेविषयक माहिती देण्यासाठी सुरू झालेली सेवा निवारागृहाच्या मागणीपर्यंत कशी पोहोचली? तिसरा, स्वयंसेवी सेवेचे शासकीय योजनेत रूपांतर होताना काय साध्य झाले आणि काय मागे पडले? तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. आज मदतवाहिनीचा क्रमांक लावणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या अनुभवाशी त्याचा थेट संबंध आहे.

१. पूर्वपीठिका : ऐकण्याच्या सेवेचा आरंभ

दूरध्वनीवरून भावनिक आधार देण्याच्या आधुनिक परंपरेचा आरंभ सामान्यतः लंडनमधील ‘समॅरिटन्स’ या संस्थेपासून मानला जातो. चॅड वारा या धर्मोपदेशकांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून ही सेवा सुरू केली. तिच्या मुळाशी एका मुलीचा मृत्यू होता. धर्मोपदेशक म्हणून काम सुरू केल्यानंतर वारा यांना १९३५ मध्ये एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला काही लज्जास्पद रोग जडला, अशा समजुतीने तिने आत्महत्या केली होती. तिला दोन शब्द समजावून सांगणारे कोणी भेटले असते तर तिचा जीव वाचला असता, ही जाणीव वारा यांच्या मनात कायम राहिली. ज्या सेवेचा पुढे स्त्रीपुरुष सर्वांनीच लाभ घेतला, तिच्या उगमाशी एका मुलीला आपल्या शरीराविषयी कोणाशी बोलता न येणे ही गोष्ट होती, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

या सेवेच्या पहिल्या काही महन्यांतील एक अनुभव पुढील सर्व दूरध्वनी सेवांना मार्गदर्शक ठरला. वारा यांना भेटण्यासाठी येणाऱ्यांना बराच वेळ थांबावे लागे. त्या काळात काही साधे मदतनीस त्यांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. अनेकांना या बोलण्यातूनच इतका दिलासा मिळे की, आत जाऊन तज्ज्ञाला भेटण्याची गरजच त्यांना उरत नसे. हे लक्षात आल्यावर १९५४ च्या आरंभी ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांवर सोपवण्यात आले. ऐकणारा तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. त्याची निवड नीट व्हावी, त्याला प्रशिक्षण मिळावे आणि त्याने समोरच्याचा न्यायनिवाडा करू नये, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ‘लाईफलाईन’ सुरू झाली आणि ही कल्पना इतरत्रही पसरू लागली.

तथापि, या सेवांचा भर व्यक्तीच्या मानसिक अवस्थेवर होता. नवऱ्याच्या मारहाणीमुळे निराश झालेल्या स्त्रीला या सेवेत सहानुभूती मिळे. पण तिची निराशा आणि तिला होणारी मारहाण यांचा सामाजिक संदर्भ हा या सेवांचा विषय नव्हता. तो संदर्भ स्त्रीमुक्ती चळवळीने पुरवला.

२. सेंट पॉल येथील गट आणि दूरध्वनी सेवेची स्थापना

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अनेक शहरांत स्त्रियांचे जाणीवजागृती गट तयार झाले होते. आठदहा स्त्रिया एखाद्या घरी जमत आणि आपापले अनुभव एकमेकींना सांगत. आपली खासगी वाटणारी दुःखे इतरांचीही आहेत, हे त्यांना त्यातून उमगे. सेंट पॉल येथील असाच एक गट १९७१ मध्ये चर्चेपलीकडे जाऊन काही प्रत्यक्ष काम करण्याच्या विचारात होता. या गटातून ‘विमेन्स ॲडव्होकेट्स’ ही संघटना आकाराला आली. शॅरन व्हॉन या तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत.

या स्त्रियांनी प्रथम घटस्फोटविषयक हक्कांची माहिती देणारी एक पुस्तिका तयार केली. त्यानंतर मार्च १९७२ मध्ये रॅम्सी काउंटीच्या कायदेसाहाय्य कार्यालयातून त्यांनी स्त्रियांसाठी दूरध्वनीवरील कायदेविषयक माहिती सेवा सुरू केली. ‘व्हिस्टा’ या केंद्रशासनाच्या योजनेतील कार्यकर्त्यांचे साहाय्य त्यांना मिळाले. १९६५ पासून चालू असलेल्या या योजनेत अल्प निर्वाहवेतनावर वर्षभर गरीब वस्त्यांत काम करणारे तरुण नेमले जात. टेबल, दूरध्वनी आणि नाममात्र मानधनावरील मनुष्यबळ अशा प्रकारे उपलब्ध झाले. बाकीचे काम गटातील स्त्रियांनी पाळीपाळीने केले.

दूरध्वनी हेच माध्यम का निवडले गेले, याचे उत्तर तत्कालीन परिस्थितीत सापडते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत दूरध्वनी होता. वकिलाकडे जायचे तर पैसे, वाहन आणि मुलांना सांभाळणारे कोणीतरी लागे. दूरध्वनीला यांपैकी काहीच लागत नसे. नवरा कामावर गेल्यावर स्वयंपाकघरातून पाच मिनिटे बोलणे शक्य होते. नाव सांगण्याचे बंधन नव्हते. फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणारी सोय त्या काळी घरगुती दूरध्वनीवर नव्हती, त्यामुळे ही अनामिकता खरी होती.

३. सेवेची कार्यपद्धती

अशी सेवा बाहेरून साधी वाटते. प्रत्यक्षात तिच्यासाठी बरीच पूर्वतयारी करावी लागते. त्या दशकात अमेरिकेच्या विविध शहरांत सुरू झालेल्या स्त्रियांच्या दूरध्वनी सेवांची कार्यपद्धती पाहता तिचे चार घटक स्पष्ट होतात.

पहिला घटक म्हणजे माहितीचा संग्रह. घटस्फोटाचा अर्ज कोठे करावा, मुलांचा ताबा कसा ठरतो, शासकीय साहाय्य कोणत्या कार्यालयात मिळते, कोणता डॉक्टर व कोणता वकील स्त्रीचे बोलणे गांभीर्याने घेतो, या सर्वांची कार्डे तयार करावी लागत. ही माहिती जुनी होऊन चालत नसे. एखाद्या कार्यालयाने स्त्रीला परत पाठवले तर तशी नोंद त्या कार्डावर केली जाई. कालांतराने हा संग्रहच शहरातील संस्थांच्या वर्तनाचा पुरावा बनत असे.

दुसरा घटक म्हणजे पाळ्यांचे नियोजन. स्वयंसेविकांपैकी अनेकींना नोकरी, घर, मुले असत. ठरलेल्या वेळी फोनवर कोणीच नसेल, तर आधीच धीर एकवटून फोन केलेली स्त्री पुन्हा करील याची शाश्वती नसे. म्हणून कमी वेळ, परंतु खात्रीने उपलब्ध असलेली सेवा ही जास्त वेळाच्या अनिश्चित सेवेपेक्षा अधिक उपयुक्त ठरे.

तिसरा घटक सुरक्षिततेचा. आपण आत्ता मोकळेपणाने बोलू शकता का, हे प्रथम विचारणे आवश्यक असे. स्वयंसेविकेने उलट फोन केल्यास तो नवरा उचलण्याची शक्यता असल्याने परवानगीशिवाय तसे करता येत नसे. दूरच्या गावातील स्त्रीपुढे आणखी एक अडचण होती. स्थानिक फोनची तपशीलवार नोंद सहसा बिलात नसे. मात्र लांब पल्ल्याच्या फोनचा क्रमांक आणि तारीख बिलावर छापून येई. ते बिल नवऱ्याच्या हाती पडणे म्हणजे नव्या संकटाला आमंत्रण होते.

चौथा आणि सर्वांत कठीण घटक म्हणजे स्वयंसेविकेची भूमिका. बोलणारी स्त्री रडत असेल, नवऱ्याचे घर सोडण्याचा आणि तेथेच राहण्याचा विचार एकाच संभाषणात करत असेल, तर तू बाहेर पड असे सांगण्याचा मोह ऐकणारीला होणारच. परंतु निर्णयाचे परिणाम तिला भोगायचे नसतात. आयुष्यभर दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय पाळत आलेल्या स्त्रीवर आणखी एक निर्णय लादणे ही मदत नव्हे, अशी चळवळीतील कार्यकर्त्यांची धारणा होती. संघटनेच्या नावातील ‘ॲडव्होकेट्स’ हा शब्द या संदर्भात अर्थपूर्ण आहे. येथे त्याचा अर्थ वकिलीची सनद असलेली व्यक्ती असा नसून, स्त्रीच्या बाजूने उभी राहणारी, तिची पाठराखण करणारी असा आहे.

४. प्रश्नाचे बदललेले स्वरूप : माहितीकडून निवाऱ्याकडे

सेवा सुरू झाली तेव्हा विचारणा होत ती मुख्यतः घटस्फोट, पोटगी आणि मुलांच्या ताब्याविषयी. परंतु संभाषण पुढे सरकले की वेगळीच हकीकत बाहेर येई. कायद्याचा प्रश्न विचारणाऱ्या अनेक स्त्रिया घरात मार खात होत्या. त्या काळात या अनुभवाला सर्वमान्य असे नाव नव्हते. तो नवराबायकोतील तंटा समजला जाई आणि पोलीसही त्याच दृष्टीने त्याकडे पाहत. मारहाणीविषयी थेट बोलणे अवघड होते. घटस्फोटाचा नियम विचारणे त्या मानाने सोपे होते. कायदेविषयक माहितीची सेवा ही अशा रीतीने न सांगता येणारी गोष्ट सांगण्याची वाट ठरली.

या संभाषणांतून पुन्हा पुन्हा पुढे येणारा प्रश्न एकच होता : आज रात्री मुलांना घेऊन कोठे जायचे? या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या कोणत्याही कार्डावर नव्हते. बहुतेक शहरांत बेघर पुरुषांसाठी रात्रनिवारे असत; मुलांसह घर सोडणाऱ्या स्त्रीसाठी तशी सोय जवळपास नव्हती. स्त्रीच्या स्वतःच्या नावावर घर भाड्याने मिळणे वा कर्ज मिळणे कठीण होते. पतपुरवठ्यात लिंग वा वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा संघराज्याचा कायदा १९७४ मध्ये संमत झाला. तोपर्यंत ही अडचण कायद्याच्या दृष्टीने अडचण मानलीच गेली नव्हती.

विमेन्स ॲडव्होकेट्सच्या कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्याच घरांची दारे उघडली. फोन करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुले स्वयंसेविकांच्या घरी राहू लागली. फोनवरचा अनोळखी आवाज आता स्वयंपाकघरात, बैठकीच्या खोलीत वावरू लागला. मदत करणारी आणि मदत घेणारी यांच्यातील अंतर यामुळे कमी झाले. त्याचबरोबर जागा, खर्च आणि मानसिक ताण यांच्या मर्यादाही उघड झाल्या. स्वतंत्र घराशिवाय हे काम पुढे जाणार नाही, हे स्पष्ट झाले. सामान्य स्त्रीपुरुषांकडून दरमहा छोट्या रकमांची वचने मिळवून निधी उभारण्यात आला, काही संस्थांचे अर्थसाहाय्य घेण्यात आले आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये सेंट पॉलमधील ग्रँड अव्हेन्यूवरील एका जुन्या मोठ्या घरात निवारागृह सुरू झाले. मारहाणग्रस्त स्त्रियांसाठीच्या अमेरिकेतील अगदी पहिल्या निवारागृहांत त्याची गणना होते.

येथे लंडनच्या चिझविक भागातील समकालीन प्रयत्नाशी तुलना उद्बोधक ठरते. एरिन पिझी यांनी १९७१ मध्ये तेथे सुरू केलेले केंद्र मूलतः परिसरातील स्त्रियांनी एकत्र जमण्याची जागा म्हणून उघडले होते. तेथे आलेल्या काही स्त्रिया घरी परत जाण्यास धजावेनात आणि केंद्राचे निवारागृह झाले. सेंट पॉलमध्ये आरंभ दूरध्वनीने झाला, चिझविकमध्ये जागेने. दोन्ही ठिकाणी पोहोचण्याचे स्थान मात्र एकच होते. योजनाकर्त्यांनी ठरवलेल्या गरजेपेक्षा लाभार्थी स्त्रियांनी सांगितलेली गरज निर्णायक ठरली, हे या तुलनेतून दिसून येते.

५. स्वयंसेवेकडून शासकीय धोरणाकडे

निवारागृह सुरू झाल्यानंतर मिनेसोटात घटना वेगाने घडल्या. मारहाणग्रस्त स्त्रियांच्या निवाऱ्यासाठी निधी देणारा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला. १९७९ मधील कायद्याने पीडित स्त्रीला दिवाणी न्यायालयातून संरक्षण आदेश मिळवण्याची तरतूद केली. त्याच राज्यातील डुलुथ शहरात १९८० च्या दशकारंभी पोलीस, न्यायालय आणि स्त्रीसंघटना यांच्या समन्वयाचा प्रयोग सुरू झाला आणि तो पुढे अनेक देशांत अनुकरणीय मानला गेला. राष्ट्रीय पातळीवर १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानंतर १९९६ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथून राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार मदतवाहिनी कार्यान्वित झाली. एका कायदेसाहाय्य कार्यालयातील दूरध्वनीपासून देशव्यापी निःशुल्क क्रमांकापर्यंतचा हा प्रवास चोवीस वर्षांचा आहे.

या प्रवासात लाभ झाला हे निर्विवाद. निधी नियमित झाला, सेवा चोवीस तास मिळू लागली. परंतु निधीबरोबर अहवाल, पात्रतेचे निकष आणि व्यावसायिक पदव्यांचा आग्रहही आला. पूर्वी स्वतः मारहाण सोसून बाहेर पडलेली स्त्री काही महिन्यांनी त्याच दूरध्वनीवर दुसरीचे ऐकत बसू शकत असे. पुढे तिच्याकडे प्रमाणपत्र आहे काय, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. शासकीय निधी घ्यावा की न घ्यावा, हा वाद अमेरिकेतील या चळवळीत दीर्घकाळ चालला.

६. आशियातील एक समांतर उदाहरण : सोल, १९८३

दूरध्वनी सेवा ही पाश्चात्त्य देशांपुरती मर्यादित राहिली नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे जून १९८३ मध्ये ‘कोरिया विमेन्स हॉटलाईन’ ही संस्था सुरू झाली. त्या वेळी तेथे लष्करी पार्श्वभूमीच्या चुन दू-ह्वान यांची हुकूमशाही राजवट होती आणि सार्वजनिक चळवळींवर कडक निर्बंध होते. ख्रिश्चन अकादमीच्या स्त्रीशिक्षण वर्गांतून तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घेतला. त्यांनी आरंभीच ७०८ विवाहित स्त्रियांचे सर्वेक्षण केले. त्यात ४२.२ टक्के स्त्रियांनी विवाहानंतर नवऱ्याकडून मारहाण झाल्याचे सांगितले. घरातील गोष्ट घरातच राहिली पाहिजे असे मानणाऱ्या समाजाला या आकड्याने विचार करण्यास भाग पाडले.

सोल येथील क्रम सेंट पॉलसारखाच आढळतो. प्रथम प्रशिक्षित स्वयंसेविकांचा दूरध्वनी, नंतर १९८७ मध्ये निवारागृह, त्यानंतर कायद्यासाठी लोकचळवळ आणि अखेरीस १९९७ मध्ये संमत होऊन १९९८ पासून लागू झालेले कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदे. १९९८ मध्येच १३६६ हा स्त्रियांसाठीचा राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकही सुरू झाला. भिन्न संस्कृती, भिन्न राजकीय व्यवस्था असूनही घडामोडींचा हा क्रम जुळतो. दूरध्वनीची नोंदवही ही कायद्याच्या मागणीसाठी लागणारा पुरावा निर्माण करते, हे त्यामागील कारण असावे.

७. महाराष्ट्रातील परिस्थिती : दूरध्वनीआधीचे ‘बोलणे’

सेंट पॉलमधील दूरध्वनी सेवा ज्या महिन्यात सुरू झाली, त्याच महिन्यात, २६ मार्च १९७२ रोजी, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याचे प्रकरण घडले. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून १९८० मध्ये मुंबईत बलात्काराविरुद्धचा मंच उभा राहिला व पुढे तो स्त्रियांवरील सर्व प्रकारच्या अत्याचारांविरुद्ध काम करू लागला. दिल्लीत १९८१ मध्ये ‘सहेली’ची स्थापना झाली. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी यांच्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ हे समुपदेशन केंद्र चालवले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला.

या सर्व प्रयत्नांत दूरध्वनी केंद्रस्थानी नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. यामागे वैचारिक भेद नसून भौतिक परिस्थिती होती. १९८१ च्या सुमारास भारतात दर शंभर माणसांमागे एकही दूरध्वनी नव्हता. नवीन जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. ज्या घरांत दूरध्वनी होता, तेथे तो बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांच्या वा नवऱ्याच्या नजरेसमोर असे. काही घरांत त्याला कुलूप घातलेले असे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. अशा परिस्थितीत सुनेने आपली व्यथा दूरध्वनीवरून सांगणे जवळपास अशक्य होते. म्हणून येथील संघटनांनी भेटीची जागा, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ यांवर भर दिला. बाजाराच्या, दवाखान्याच्या वा देवळात जाण्याच्या निमित्ताने स्त्री तेथे पोहोचू शकत असे. ‘बोलते व्हा’ या नावातील आवाहन आणि सेंट पॉल येथील दूरध्वनी यांचे कार्य एकच. साधने मात्र समाजाच्या स्थितीनुसार भिन्न.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसटीडी-पीसीओ केंद्रांचा प्रसार झाला आणि घराबाहेरचा, पैसे देऊन वापरता येणारा दूरध्वनी स्त्रियांना प्रथमच उपलब्ध झाला. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत ‘चाइल्डलाईन’ सुरू केली. तिचा १०९८ हा क्रमांक रस्त्यावरील मुलांना लक्षात राहील असा होता आणि या मुलांचा तिच्या कामात सहभागही होता. स्वयंसेवी दूरध्वनीचे तत्त्व भारतीय परिस्थितीत रुजू शकते, हे तिने दाखवून दिले. २०२३ पासून ही सेवाही टप्प्याटप्प्याने शासनयंत्रणेकडे गेली.

स्त्रियांसाठीचा १८१ हा क्रमांक दिल्लीत डिसेंबर २०१२ मधील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सुरू झाला. स्त्री मदतवाहिनीच्या सार्वत्रिकीकरणाची केंद्रीय योजना १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि तिची सांगड ‘वन स्टॉप सेंटर’ योजनेशी घालण्यात आली. तत्पूर्वी कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायदा, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला होता. म्हणजे भारतात कायदा प्रथम आणि व्यापक दूरध्वनी सेवा नंतर, असा उलट क्रम दिसतो. त्यामुळे येथील मदतवाहिनीचे स्वरूप आरंभापासूनच तक्रार नोंदवणाऱ्या आणि संबंधित कार्यालयाकडे पाठवणाऱ्या यंत्रणेकडे झुकलेले राहिले.

८. दूरध्वनी सेवेच्या मर्यादा

या सेवेचे महत्त्व सांगताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. त्याच पाहणीत, स्वतः वापरत असलेला मोबाईल जवळ आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. क्रमांक उपलब्ध असणे आणि तो लावता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने हे प्रकर्षाने दाखवले. अत्याचार करणारा आणि सोसणारी दिवसरात्र एकाच खोलीत असताना बोलण्याची संधीच उरली नाही. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲप संदेशासाठी स्वतंत्र क्रमांक जाहीर केला तो याच कारणाने. सेंट पॉलच्या काळात बिलावर छापलेला क्रमांक ही भीती होती. आज मोबाईलमधील नोंदींची आणि नवऱ्याला माहीत असलेल्या सांकेतिक शब्दाची भीती आहे. साधन बदलले, पाळत कायम राहिली.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. स्त्रियांसाठीच्या दूरध्वनी सेवेने प्रथम माहिती दिली; पुढे त्या माहितीच्या देवाणघेवाणीतून समाजाला ठाऊक नसलेली, किंबहुना ठाऊक असूनही न मानलेली वस्तुस्थिती उजेडात आली. कायदा विचारण्यासाठी आलेल्या फोनमधून निवाऱ्याची गरज पुढे आली, निवाऱ्याच्या नोंदींमधून कायद्याची मागणी उभी राहिली. दुसरे असे की, तज्ज्ञता नसलेल्या स्वयंसेविका हे या सेवेचे वैगुण्य नव्हते. पलीकडची स्त्री आपल्यासारखीच आहे या भावनेतून त्या ऐकत होत्या आणि त्यामुळेच त्यांना प्रश्नाचे खरे स्वरूप लवकर उमगले. तिसरे म्हणजे शासनाने ही जबाबदारी स्वीकारणे आवश्यकच होते. कारण हजारो स्त्रियांच्या सुरक्षिततेचा भार मूठभर स्वयंसेविकांच्या घरांवर कायमचा टाकता येत नाही.

मात्र शासनाकडे सेवा सोपवताना तिच्यातील ऐकण्याचा भाग वगळला जाऊ नये. किती फोन आले आणि किती तक्रारी निकाली निघाल्या, यांचे आकडे अहवालात देता येतात. एखाद्या स्त्रीने तीन वेळा फोन करून काहीच न बोलता ठेवून दिला आणि चौथ्या वेळी आपले नाव सांगितले, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही. १९७२ मध्ये सेंट पॉलच्या कायदेसाहाय्य कार्यालयात बसलेल्या स्त्रियांनी घटस्फोटाच्या नियमांविषयीच्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न ऐकला, म्हणून पुढचा इतिहास घडला. आजच्या मदतवाहिन्यांची उपयुक्तता जोखताना हा निकष विसरता येणार नाही.